जुनं काळं सिंगर हातमशीन: मॉडेल कोणतं, लांब बॉबिन कुठली आणि जाम झालेलं चाक कसं सोडवायचं?

शिवण_अंबड (अंबड, जि. जालना)

नमस्कार. सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

घरात एक जुनं काळं हातमशीन आहे. लाकडी बैठक, वर कमानीसारखं लाकडी झाकण. मशीनच्या आडव्या हातावर सोनेरी अक्षरांत सिंगर लिहिलेलं आहे, पण निम्मं पुसट झालंय. बेडवर, म्हणजे खालच्या सपाट लोखंडी भागावर, सोनेरी वेलबुट्टी. बेडच्या उजव्या कोपऱ्यात थोड्या उंच जागेवर नंबर ठोकलेला आहे: आधी इंग्रजी वाय हे अक्षर, पुढे सात आकडे. बेडची लांबी बारा इंचांच्या थोडी वर भरते.

सुईजवळ दोन सरकत्या चकचकीत पट्ट्या आहेत. त्या सरकवल्या की आत बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शटल दिसतं आणि त्यात काडीसारखी लांब, बारीक बॉबिन. अशी एकच उरली आहे. दुकानातून बॉबिन आणल्या तर गोल मिळाल्या, त्या बसायचा प्रश्नच नाही.

अडचणी अशा:

१. चाक जेमतेम पाव फेरा फिरतं आणि अडतं. आत सगळीकडे तपकिरी चिकट थर आहे. आधी या मशीनला घरचं करडईचं तेल घालायचे. बरीच वर्षं माळवदाच्या खोलीत होतं, त्यामुळे वरून पडलेली मातीही आत गेली आहे.

२. कोणती सुई लागेल?

३. रंग उडालाय. पावडर कोटिंग करून घ्यावं का?

४. एक जण चांगल्या किमतीला मागतोय. म्हणतो, या मशिनीत लाल पारा नावाची महागडी वस्तू असते. खरं आहे का?

५. चालू झालं तर गोधड्या शिवता येतील का?

जुनी_यंत्रं (नांदेड)

ताई, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात फसवणूक होते. लाल पारा वगैरे काही नसतं. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा पसरली होती आणि लोकांनी जुन्या सिंगर मशिनींसाठी वेड्यासारखे पैसे मोजले. मशिनीत ओतीव लोखंड, पोलाद आणि थोडं पितळ एवढंच असतं. असं सांगून कोणी आगाऊ रक्कम मागितली, किंवा तपासून आणतो म्हणून मशीन न्यायला लागला, तर देऊ नका.

आता ओळख. नंबराच्या आधी एक अक्षर असणं ही १९०० नंतरची पद्धत. त्याआधीच्या सिंगरवर नुसते आकडे असतात. वाय हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९३५ पर्यंतच्या मशिनींवर ते येतं. १९३५ पासून त्याच कारखान्याच्या नंबरांना ईए, ईबी अशी दोन अक्षरं लागली. एक लक्षात ठेवा: नंबर गठ्ठ्याने दिले जात. सिंगरच्या नंबरांच्या यादीत दिसणारी तारीख गठ्ठा दिल्याची असते, तुमचं मशीन कारखान्याबाहेर पडल्याची नसते. त्यामुळे महिना-तारीख शोधत बसू नका. क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

मॉडेल मात्र नंबरावरून नाही, शटलवरून ठरवायचं. लांब बॉबिन आणि टोकदार शटल म्हणजे २७, २८, १२७ किंवा १२८. विणकराच्या धोट्यासारखंच ते मागेपुढे झुलतं, फरक एवढाच की हे कमानीत झुलतं. २७ आणि १२७ पूर्ण आकाराच्या, बेड साडेचौदा इंचांच्या आसपास. तुमचा बेड बाराच्या थोडा वर आहे, म्हणजे पाऊणपट आकाराची २८ किंवा १२८. त्या दोघींतला फरक असा ओळखा:

शटलजवळ बेडवर लहानसं बटण आहे का? ते दाबल्यावर शटल वर उचललं जात असेल तर १२८. बटण नसेल आणि शटल बोटाने उचलून काढावं लागत असेल तर २८. दुसरी खूण बॉबिन भरायच्या यंत्राची. २८ वर ते खाली, बेडच्या जवळ असतं. १२८ वर ते वर, चाकाच्या खांद्याला असतं. क्लाइडबँकची असल्यामुळे आकड्यापुढे के लावतात: २८के, १२८के.

आणखी एक तपासा. सिंगरसारखी दिसणारी, तशीच सोनेरी नक्षी चिकटवलेली नकली मशिनंही भरपूर आहेत. खऱ्या सिंगरच्या सुट्या भागांवर, म्हणजे सरकपट्टीच्या मागे, पंजावर (कापड दाबणाऱ्या पायावर), शटलवर, बारीक अक्षरांत सिमॅन्को (सिंगर कंपनीच्या नावाचं लघुरूप) असा ठसा आणि भागाचा नंबर असतो. खांबावर लंबगोल पितळी बिल्ला रिव्हेटने बसवलेला असतो. या दोन गोष्टी जुळल्या की शंका नको.

किमतीबद्दल: ही मशिनं लाखोंनी बनली, त्यामुळे दुर्मीळ नाहीत. त्यांची किंमत चालण्यात आहे.

तेलपाणी_परभणी (परभणी)

ताई, तुमच्या मशिनीचा खरा रोग करडईचं तेल. आपल्याकडे घरोघरी तेच असतं, म्हणून निम्म्या जुन्या मशिनींत तेच सापडतं. करडई आणि जवस ही सुकणारी तेलं. हवा लागली की त्यांचा पापुद्रा धरतो, म्हणूनच चित्रकारांच्या रंगात ती वापरतात. लाकडाला हा गुण चांगला, सांध्याला मारक. तो तपकिरी थर गंज नाही, वाळलेलं तेल आहे. नखाने खरवडून बघा: गंज असेल तर लाल भुकटी निघेल, तेल असेल तर मेणासारखी कात निघेल. खोबरेल वेगळ्या कारणाने वाईट, थंडीत थिजतं. थेंबभर तेल कुठलं घालायचं तर शिलाई मशीनचं पांढरं, पाण्यासारखं पातळ खनिज तेल. दुसरं काहीही नको.

सोडवायची पद्धत. सामान: मशीनचं तेल १०० मिली, पाव लिटर रॉकेल, जुना टूथब्रश, लांब चिमटा, सुती चिंध्या, खाचेत पूर्ण बसेल असा रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि एक परात. परात विसरू नका. या मशिनीतले काही स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, फरशीवर पडले की गेले.

आधी सुई, पंजा आणि शटल काढा. दोन्ही सरकपट्ट्या ओढून काढा. सुईखालची पट्टी दोन स्क्रूंनी बसलेली असते, ती काढा. डाव्या टोकाचं झाकण काढा, म्हणजे सुईची दांडी दिसेल. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो घ्या. मग मशीन बिजागरीवर मागे कलंडवा आणि खाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर सगळं वजन बिजागरीवर येतं.

आता पहिलं काम सफाईचं, तेलाचं नाही. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या खाली कापसाची तूस दाबून दाबून नमद्यासारखी होते. ती चिमट्याने तुकड्या-तुकड्याने काढा. शटल ज्या वाटेने झुलतं ती वाट बोटाने चाचपा, तिथे जुना दोरा गुंडाळलेला असतो. माळवदाची माती असेल तर ब्रशने कोरडीच झाडा. माती असताना तेल घातलं तर त्याचा पॉलिश पेपर होतो आणि सांधे झिजतात.

मग जिथे तेलाचं भोक आहे आणि जिथे लोखंडावर लोखंड फिरतं, तिथे रॉकेलचे दोन-तीन थेंब. अर्धा तास थांबा. चाक हाताने धरून पुढे-मागे हलवा. हातमशीनच्या मुठीने जोर लावू नका. तिच्या आत दातेरी चक्रं आहेत, एक दात गेला की मूठ निकामी. पाव फेऱ्याचा अर्धा झाला की पुन्हा रॉकेल, पुन्हा थांबायचं. साध्या जाम मशिनीला तीन-चार वेळा करावं लागतं, जास्त बसलेल्या मशिनीला दोन दिवस. रॉकेल मिळत नसेल तर मशीनचंच तेल सढळ हाताने घाला आणि केस वाळवायच्या ड्रायरने लोखंड कोमट करा, थर मऊ होतो. पेट्रोल नको. रॉकेल वापरतानाही चूल, उदबत्ती, शेगडी लांब ठेवा आणि खिडकी उघडी.

अडलंय कुठे तेही शोधा. चाकाच्या मधला गोल नॉब सैल करा. मग नुसतं चाक मोकळं फिरत असेल तर अडचण आतल्या दांड्यांत आहे. चाकच फिरत नसेल तर ते दांड्यावर चिकटलंय, रॉकेल तिथे जिरवा.

सुटल्यावर चिंधीने सगळं पुसा. तपकिरी पाणी गळत राहील तोवर पुसत राहा. मग प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचे दोन थेंब. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसा आणि पुन्हा तेल द्या, कारण उरलेला थर रात्रीतून सुटून खाली येतो. शिवायच्या आधी टाकाऊ कापडाच्या पट्टीवर दोरा न ओवता पाच मिनिटं चालवा, जादा तेल त्यात उतरेल.

दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही: सुईची दांडी पकडणारा स्क्रू आणि शटल झुलवणाऱ्या दांड्याचे स्क्रू. सुई किती खाली गेल्यावर शटलचं टोक तिच्यापाशी यायचं, ते माप त्यांच्यावर आहे. ते हललं की टाकाच पडत नाही, आणि ते पुन्हा जुळवणं घरचं काम नाही.

गॅरेजभाऊ (बीड)

एवढा कुटाणा कशाला? डोकं काढा, रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी साफ. मग पावडर कोटिंग. नव्यासारखं दिसतं.

तेलपाणी_परभणी

भाऊ, इंजिनच्या भागांना चालतं ते इथे चालत नाही. या मशिनीवर जपान नावाचा काळा चकचकीत रंग आहे, त्यावर सोनेरी नक्षी आणि तिच्यावर लाखेचा पातळ थर. लाख स्पिरिट आणि थिनरमध्ये विरघळते. सुटी झालेली नक्षी चिंधीबरोबर निघून येते आणि परत मिळत नाही. डिझेलमध्ये रात्रभर ठेवलं तर ते लाखेच्या भेगांतून आत जातं आणि नक्षीचे काठ उचलतात. म्हणून रॉकेल थेंबाने, आणि फक्त सांध्यात. बाहेर ओघळलं तर लगेच टिपायचं.

पावडर कोटिंगचं तर त्याहून वाईट. आधी वाळू मारून जुना रंग काढतात, ती वाळू तेलाच्या भोकात आणि बेअरिंगमध्ये बसते. मग भट्टीत तापवतात. शिवाय कोटिंगचा थर जाड, सरकपट्ट्या त्यांच्या खाचेत बसत नाहीत. ताई, बाहेरून फक्त मशीनचंच तेल मऊ सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा. भांड्यांचा साबण किंवा काच पुसायचं पाणी लावलं तर सोनेरी नक्षी रुपेरी पडते. काहीही नवं लावायचं तर आधी मागच्या बाजूला, कान कोरायच्या कापसाच्या काडीने, पैशाएवढ्या जागेवर लावून बघा.

पत्र्याच्या, लोखंडी स्टँडला रंग लावायला मात्र हरकत नाही. तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, वरून काळा ऑइलपेंट.

गॅरेजभाऊ

लाखेचं माहीत नव्हतं. मशिनीच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो.

शिवण_अंबड

खूप आभार. तीन दिवस केलं, चाक पूर्ण फिरायला लागलं. दातांखालून खरंच नमद्यासारखा तुकडा निघाला, राखाडी, बोटाच्या पेराएवढा जाड. सरकपट्टीच्या मागे सिमॅन्को लिहिलेलं आहे. बटण नाही आणि बॉबिन भरायचं यंत्र खाली आहे, म्हणजे २८के.

आता नवं दुखणं. चाक फिरतं, पण मध्येच सुई थांबते आणि चाक नुसतंच फिरतं. आणि सुई चालते तेव्हा कधी टाके सुटतात, कधी खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. सुई घरात होती तीच लावली आहे, जाडसर, दांडी गोल.

तेलपाणी_परभणी

चाकाचं आधी. मधला नॉब काढलात तेव्हा त्याखाली तीन कानांची चकती निघाली असेल. तिला आत वळलेले दोन लहान दात असतात, ते दांड्याच्या खाचेत बसतात. चकती अर्ध्या फेऱ्याने उलटी बसली की नॉब कितीही आवळला तरी चाक पकडत नाही. नॉबच्या कडेचा बारीक स्क्रू सैल करा, नॉब काढा, चकती अर्धा फेरा फिरवून बसवा, मग नॉब आवळून बारीक स्क्रू लावा.

सुई चुकीची आहे. गोल दांडीची सुई कारखान्यातल्या जुकी वगैरे मशिनींची, डीबी×१. २८के ला लागते सपाट बाजूची साधी घरगुती सुई, १५×१. पाकिटावर एचए×१ लिहिलेलं असतं, तीच. उषा, मेरिट, रिटा यांच्या घरगुती मशिनींना लागते तीच, कुठेही मिळते. पॉपलीन, ब्लाऊजपीस यांना १४ नंबर, जाड सुती किंवा चार थरांना १६, मलमलीला ११.

दिशेचा नियम सगळ्या मशिनींना एकच: सुईची सपाट बाजू शटलकडे, लांब खोबण त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि दोरा खोबणीच्या बाजूने ओवायचा. सुई वर टेकेपर्यंत सारा आणि मगच स्क्रू आवळा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके सुटतात. नवी सुईसुद्धा काचेवर सपाट बाजू टेकवून बघा. काच आणि सुई यांमधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

टाका_धागा (लातूर, शिवणवर्ग)

शटलबद्दल मी सांगते, कारण लांब बॉबिनची सवय आता कुणाला राहिली नाही आणि गुंता बहुतेक तिथेच होतो.

बॉबिन भरताना दोरा एका टोकाला ढिगासारखा नको. दोन्ही टोकांपर्यंत सारखा, आणि कडेपर्यंत ठासून नको. फुगली की शटलमध्ये अडकून फिरते आणि खालचा दोरा तुटतो. शटलमध्ये घातल्यावर दोरा फटीतून ओढून स्प्रिंगच्या पट्टीखाली आणायचा आणि टोक साधारण १० सेंटिमीटर मोकळं ठेवायचं. दोरा धरून शटल लोंबतं सोडा आणि हाताला हलकासा झटका द्या: थोडंसं खाली उतरून थांबलं तर ताण बरोबर. सरसर घसरलं तर सैल, हललंच नाही तर आवळ. तो ताण शटलवरच्या बारीक स्क्रूने बदलतो, पण एका वेळी आठवा भाग फेराच. परातीत.

शटल बसवताना टोक आपल्याकडे, जाड बाजू मागे. मग वरचा दोरा डाव्या हातात सैल धरून चाक एक फेरा फिरवा. चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडे यायला हवा. खालचा दोरा वळसा घेऊन वर येईल, दोन्ही दोरे पंजाखालून मागे घ्या. हे न करता शिवायला सुरुवात केली की पहिल्या चार टाक्यांतच गुंता होतो. चाक उलटं फिरलं तरी तोच प्रकार.

ताण तपासायला वर लाल, खाली काळा दोरा घाला आणि दुहेरी पॉपलीनवर वीतभर शिवा. खालच्या बाजूला लाल दोरा आडवा पडलेला दिसला तर वरचा ताण सैल आहे. वर काळा ठिपका दिसला तर वरचा आवळ. आधी नेहमी वरचाच ताण बदलायचा, त्याने जमलं नाही तरच शटलचा स्क्रू.

या मशीनला उलटा टाका नाही. शेवटी दोरा पक्का करायला सुई कापडात ठेवून पंजा उचला, कापड फिरवा आणि तीन-चार टाके त्याच रेषेवर परत घ्या.

नव्या लांब बॉबिन मिळतात. मागताना सिंगर २७/२८ ची लांब बॉबिन असंच म्हणा, नुसतं सिंगरची म्हटलं की गोल हातात पडते. जुनी सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरून लांबी बघा. टोकाच्या चकत्यांना धार किंवा बारीक कुसळ असेल तर घेऊ नका, दोरा तिथे कातरला जातो.

उदगीरकर (उदगीर)

मध्येच विचारतो, माफ करा. आमचं उषाचं पायमशीन आहे, गोल बॉबिनचं. पायडल जड लागतं आणि पट्टा घसरतो. पट्टा आणखी आवळू का?

तेलपाणी_परभणी

आवळायच्या आधी दुखणं वरचं की खालचं ते ठरवा. पट्टा चाकावरून उतरवा. वरचं चाक एका बोटाने फिरवा. सहज फिरून थोडं पुढे जात असेल तर डोकं ठीक. मग खाली पायडल एकदा दाबून सोडा. मोठं चाक चार-पाच फेरे स्वतःहून फिरलं पाहिजे. लगेच थांबत असेल तर मोठ्या चाकाच्या मधोमध, पायडलच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार स्क्रूंवर आणि पायडल-चाक जोडणाऱ्या दांडीच्या दोन्ही टोकांना तेल द्या. वरची सगळी भोकं लोक भरतात, ही चार-पाच ठिकाणं कोरडी राहतात. पायडल डुलत असेल तर टोकदार स्क्रूचा नट सैल करून स्क्रू किंचित आत घ्या आणि नट परत आवळा.

दोन्ही ठीक निघाले तर दोष पट्ट्याचा. आधी चाकांच्या खाचा कोरड्या चिंधीने पुसा, तिथे तेल असलं तर पट्टा पकडत नाही. नंतर पट्टा दोन चाकांच्या मध्ये दाबा. बोटाने साधारण एक सेंटिमीटर दबायला हवा. जास्त दबत असेल तर क्लिप काढा, अर्धा इंच कापा, टोकापासून ५ मिलिमीटरवर नवं भोक पाडा, क्लिप ओवून पक्कडीने दाबा. क्लिपची टोकं बाहेरच्या बाजूला. फार आवळलात तर पायडल जास्तच जड होईल आणि दांड्याची बेअरिंग झिजेल. चामडं वापरात ताणत जातं, त्यामुळे वर्षाकाठी एकदा कापावं लागणं नेहमीचंच.

टाका_धागा

ताई, गोधडीचा प्रश्न राहिला. स्पष्टच सांगते, पूर्ण गोधडी या मशीनवर नको. २८के चा बेड आखूड, हाताखालची जागा कमी. मोठी गोधडी गुंडाळून त्यातून जात नाही, आणि ओढून शिवलं की सुई वाकते. पंजा वर उचलल्यावर सगळे थर दाब न देता खालून सरकले पाहिजेत. अडले तर ते मशीन त्या जाडीचं नाही. जुन्या सुती लुगड्याचे तीन-चार थर जातील, पाच-सहा थर जाणार नाहीत. तेवढं जाड एकसंध शिवायचं असेल तर टेलरकामाची मोठी मशिनं, सिंगर ३१के सारखी, त्यासाठी आहेत.

पण निम्मं काम याच मशीनवर छान होतं. वरचा ठिगळांचा भाग आधी यावर जोडून घ्या, शिवणी सरळ येतात. मग थर पसरून हाताने मोठ्या टाक्यांत, वीतभर अंतरावर कच्चा धावदोरा घाला. मध्यातून बाहेर, नाहीतर मध्ये फुगा येतो. भरणीचा धावदोरा हातानेच घाला, आणि शेवटी काठाची पट्टी परत मशीनवर. लेकराची लहान दुपटी मात्र पूर्ण यावर शिवता येतील. सुई १६, टाका इंचाला सात-आठ, वर-खाली सारखाच दोरा. बारीक टाका घातला तर जुनं लुगडं सुईच्या भोकांच्या रेषेवर फाटतं.

शिवण_अंबड

चकती फिरवून बसवली, चाकाने पकडलं. १४ नंबरची सुई घातली, लाल-काळा दोरा घालून वीतभर शिवलं. खाली अजून किंचित लाल दिसतंय, वरचा ताण अर्धा फेरा वाढवते. लाकडी बैठकीला आणि झाकणाला काय लावू? झाकणाचा वरचा पापुद्रा एका कोपऱ्यात सुटलाय. आणि आता रोज वापरणार नाही, तर ठेवू कसं?

जुनी_यंत्रं

अर्धा फेरा जास्त होईल, पाव घ्या. झाकणाच्या पापुद्र्याखाली सुताराचा पांढरा डिंक काडीने सारा, वर मेणकागद ठेवा, त्यावर सपाट फळी आणि वजन, एक रात्र. ओल्या फडक्याने पुसू नका, त्यानेच पापुद्रा सुटतो. लाकडाला जवसाचं तेल अगदी पातळ, चिंधीने चोळून, पंधरा मिनिटांनी जादा पुसून घ्यायचं. हे तेल इथे चालतं, लोखंडाला अजिबात नाही. आणि ती चिंधी बोळा करून टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

तेलपाणी_परभणी

ठेवताना पंजाखाली सुती कापडाचा तुकडा आणि पंजा खाली, म्हणजे भोकांतलं जादा तेल त्यात टिपलं जातं. सरकपट्ट्या, सुईची दांडी आणि चाकाची चकचकीत कड यांना तेलाचं बोट फिरवा, मृगाच्या आधी नक्की. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं. लाकडी झाकण आणि वर जुनं धोतर पुरे. माळवदाखाली ठेवणार असाल तर भिंतीला न लावता पाटावर, आणि महिन्यातून एकदा झाकण काढून चाक दहा-बारा फेरे फिरवा.